हाताने केलेली, रोज वापरातली वस्तू: तुमची आवडती कोणती आणि निवडता कशी?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेची मुलगी नोकरीसाठी जर्मनीला चाललीये, पहिल्यांदाच स्वतःचं घर थाटणार. काय देऊ विचारलं तर म्हणाली, मामी शोपीस सोडून काहीही दे आणि जमलं तर आपल्याकडच्या कोणीतरी हाताने केलेलं दे. झालं, तेव्हापासून प्रदर्शनं पालथी घालतेय आणि गोंधळ वाढतोय. प्रत्येक स्टॉलवर "हॅन्डमेड"ची पाटी, सगळीकडे तोच वारलीचा मग, तीच खणाची पर्स, आणि हे कोणी केलंय विचारलं की स्टॉलवरचा मुलगा मोबाईलमधून मान वर करून म्हणतो, "आमचे आर्टिसन आहेत ना मॅडम."

माझं मत असं झालंय की हातची वस्तू घ्यायची तर वापरायचीच घ्यावी. काचेच्या कपाटात गेली की पुढे तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुमच्या घरात रोज हातात येणारी, जवळपासच्या कारागिराने केलेली वस्तू कोणती? घेताना काय बघितलंत, काय विचारलंत? महाराष्ट्र, गोवा, बेळगाव पट्टा धरून बोलूया.

टवाळपंत

बायकोच्या हातच्या पोळ्या. रोज वापरात, कारागीर ओळखीचा, भेसळ नाही. फक्त तक्रार निवारण कक्ष नाही.

शेवंती

पंत, कारागीर संपावर गेला की धागा काढा, आम्ही येऊ वाचायला.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरचा माणूस चपलेवरच बोलणार, दुसरं काय. चप्पल लाईनीत शिरलं की बाहेरून सगळी दुकानं सारखीच दिसतात, त्यामुळे मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे चप्पल उलटी करायची. तळाला खिळा दिसला की ठेवून द्यायची. खरी कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. हल्ली सोल्युशनने चिकटवून वरून नुसती दिखाव्याची शिलाई मारतात, म्हणून ती शिलाई खालपर्यंत उतरलीय का ते बघा. मग कान बघायचे. पट्टा ज्याला जोडतात ते बाजूचे कान तळाच्या दोन थरांमधे घेऊन शिवलेले पाहिजेत, नुसते चिकटवले असतील तर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतात. मग वास. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला वास असतोच, उग्र असतोय पण डोक्यात जात नाही, केमिकलचा लगेच जातो. रंग पण एकसारखा नसतोय, कुठे फिका कुठे गडद. पॉलिश मारून एका रंगात चकचकीत केलेली असली की मी दोनदा विचार करतो.

दुकानदाराला चपलेचे प्रकार नावाने विचारा, कापशी दाखवा, कुरुंदवाडी दाखवा, पुकरी दाखवा. नावं ऐकून गडी खुलला तर समजायचं माल कुठनं येतोय ते त्याला ठाऊक आहे. "सगळं एकच की ओ" म्हणाला तर पुढचं दुकान. आणि ती वरची बारीक वेणी बहुतेक करून घरातल्या बायका घालतात, त्यांचं नाव कुठल्याच बोर्डावर नसतंय.

नवीन चप्पल चावणारच, त्याला इलाज नाही. रात्री आतल्या बाजूने एरंडेल नाहीतर खोबरेल चोळून ठेवा आणि थोडं थोडं घालत जा. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात टाकली की वाकडी होऊन बसते. रोज वापरात म्हणाल तर ह्याच्यापरीस काय पाहिजे, लै भारी चीज आहे.

बेळगावी_कुंदा

पंचगंगा, बाकी सगळं मान्य पण अथणीचं नाव घेतलं नाहीस ते काय बरोबर नाही बघ. तुमच्या लाईनीत जी "कोल्हापुरी" विकतात त्यातली कितीतरी आमच्या बेळगाव जिल्ह्यातनं येते, अथणी, निपाणीकडनं. २०१९ ला जीआय (त्या त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन) मिळालं ते पण दोन्ही राज्यांना मिळून, तुमचे चार जिल्हे आणि आमचे चार. शिवणारा बसलाय अथणीत, नाव कोल्हापूरचं आणि पैसे मधल्याचे.

पंचगंगाकाठ

खरं आहे कुंदा, मागे घेतो. पण बाजारपेठ शाहू महाराजांनी उभी केली आणि नाव त्या बाजारपेठेचं पडलं. भांडायचं तर मधल्याशी भांडूया, आपण दोघं एकाच बाजूचे.

मुंबईचीमी

ते प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडचं प्रकरण आठवलं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये हुबेहूब अशीच चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नावही नाही, बोंबाबोंब झाल्यावर मान्य केलं. माझ्या ऑफिसातल्या ज्या मुली "कोल्हापुरी काय काकूबाई" म्हणायच्या त्यांनी त्याच आठवड्यात ऑर्डरी दिल्या.

तळ्यातमळ्यात

चपलेचा भाव का वाढलाय ते पण बोला की. २०१५ ला कायदा बदलून बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून कातडं मिळायची मारामार...

संपादक मंडळ

कारागिरांना कच्चा माल मिळतो की नाही हे धाग्याला धरून आहे. त्याच्यापुढे जाऊ नये ही विनंती. इथून पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

टवाळपंत

तीनातला एक माझा होता आणि त्यात फक्त स्मायली होती. अन्याय.

चिंचोका

माझं मत घोंगडीला. हसू नका. आमच्याकडे सांगली भागात धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, विणणारे सणगर, आणि विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, फोलपटं काढून, दळून शिजवायचे, मग ती खळ ताणलेल्या घोंगडीवर ब्रशने ओढत जायची आणि उन्हात वाळवायची. म्हणून कोरी घोंगडी अशी ताठ उभी राहते. (माझा आयडी कुठून आला ते कळलं असेल.) लहानपणी सणगर गल्लीत तो ब्रश ओढायला मिळावा म्हणून आम्ही पोरं तासन्तास उभी राहायचो, कधी दिला नाही पठ्ठ्याने.

घेताना हाताने विणलेली ओळखायची तर कड बघा, जरा वेडीवाकडी असते. बऱ्याचदा पट्ट्या जोडून केलेली असते, तो जोड हाताने टाचलेला असतो. काळी हवी तर काळ्या मेंढीच्या लोकरीची मागा, रंगवलेली नको. ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग उतरला तर काय ते समजलात. हल्ली घोंगडी म्हणून मिलचं ब्लँकेट सर्रास खपवतात, ते हाताला मऊ लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. खरी घोंगडी टोचते. टोचत नाही म्हणून घेतली तर ती घोंगडी नव्हेच.

सांभाळणं सोपं आहे, धुवायची फारशी नाही, ऊन दाखवायचं. कसर लागू नये म्हणून घडीत वेखंड ठेवायचं.

शेवंती

टोचते हे गुण म्हणून सांगणारा पहिलाच माणूस बघितला.

चिंचोका

मधे सुती चादर घालायची हो ताई. खाली घोंगडी, वर चादर. पाठदुखीवाल्यांनी करून बघा, मी काही डॉक्टर नाही पण आमच्या आजोबांनी गादी शिवली नाही कधी.

सोलापूरकर_ऑन_ड्यूटी

चादरीचा विषय निघालाच आहे तर एक कटू सत्य. सोलापुरी चादर आता जवळजवळ सगळी पॉवरलूमवर होते. जेकार्डचे यंत्रमाग आहेत, खटखट ऐकत आमचं बालपण गेलं. महाराष्ट्रात जीआय मिळवणाऱ्यांत आमची चादर अगदी सुरुवातीची, पण म्हणून ती हातमागाची होत नाही. दुकानदार "हॅन्डलूम सोलापुरी" म्हणाला तर सरळ पुरावा माग. तरी पण माझी आवडती वस्तू तीच! दोन्ही बाजूंनी वापरता येते, रंग जात नाही, आणि ती करणारी पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे राबताहेत. उलट सोलापुरी म्हणून पानिपतचा माल गळ्यात मारतात त्याचा आम्हाला जास्त राग येतो.

म्हणून रानजाईताईंना विचारायचंय, तुम्हाला "हाताने" महत्त्वाचं की "आपल्याकडच्या माणसाने" महत्त्वाचं? दोन्ही एकाच वेळी दरवेळी मिळत नाही.

रानजाई

अरे बापरे, हा विचार केला नव्हता. मला वाटतं करणारा माणूस महत्त्वाचा. माग विजेवर चालतो म्हणून त्या माणसाची कारागिरी कमी होत नसावी. पण किंमत हातमागाची लावू नये एवढंच.

धोटा

वरच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. माझं सासर येवल्याचं, घरात माग आहेत, त्यामुळे पैठणीबद्दल बोलायचा हक्क घेते.

पैठणी उलटी करून बघा. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पुढून जवळपास सारखा दिसतो, कारण मोराच्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने तेवढ्याच जागेत फिरवतात आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतात. विणणाऱ्यासमोर एका ओळीत कितीतरी छोट्या छोट्या कांड्या लोंबत असतात. मशीनच्या पदराला मागे लांब धागे सुटलेले असतात नाहीतर कापल्याच्या खुणा, दागिना अडकला की ओढ बसलीच. मुनिया, असावली, बांगडी मोर ही नावं पाठ करून येतात गिऱ्हाईकं, पण मागची बाजू बघत नाहीत. सिल्क मार्क, हॅन्डलूम मार्क बघा आणि पावतीवर "हातमाग" असं लिहून घ्या. लिहून द्यायला कां कूं केली की काय ते समजा. जर आता सुरतेहून येते, अस्सल सोन्याचांदीची जर कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडून बाहेर पडा.

आणि भाव करण्याबद्दल. साधी नारळी काठाची, लहान पदराची साडी मागावरून उतरायला महिनाभर सहज जातो, अंगभर काम असेल तर सहा महिने काय नि वर्ष काय. त्यात नवराबायको दोघंही राबतात, बायको कांड्या भरते, धागे सोडवते, तिची मजुरी कोणी धरतच नाही. दुकानात एसीखाली बसून खुशाल घासाघीस करा, पण मागावर येऊन "शेवटचं सांगा" म्हणू नका हो. खूप लागतं मनाला.

निवांत_काका

धोटाताई, आदर ठेवून असहमत. भाव करणं हा आपल्या बाजाराचा रिवाज आहे आणि विकणाऱ्याने पण तो धरून किंमत सांगितलेली असते. मी चाळीस वर्षं बँकेत काढली, त्यात लघुउद्योगाला कर्ज देणं हेच काम. कारागिराला खाणारी गोष्ट गिऱ्हाइकाने कमी केलेले पन्नास रुपये नाहीत, ती उधारी आहे. दुकानदार माल ठेवून घेतो आणि विकला गेला की पैसे देतो, म्हणजे भांडवल कारागिराचं आणि नफा याचा. तुम्हाला खरंच मदत करायची तर रोख द्या, ऑर्डर देताना आगाऊ द्या आणि वस्तू वेळेत झाली नाही म्हणून त्याच्या डोक्यावर बसू नका.

धोटा

काका, उधारीचं शंभर टक्के खरं. पण पन्नास रुपये म्हणून सोडू नका, गिऱ्हाईक पन्नासावर थांबत नाही, थेट निम्म्यावर येतं.

कसबेकर

पुण्याच्या तांबट आळीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? कसब्यात राहून सकाळी घड्याळ लावायची गरज नव्हती, ठोक्यांनीच जाग यायची. आता ठोके कमी झालेत, पण मठारकाम अजून चालतं. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने पत्र्याला बारीक खळगी पडते आणि पत्रा कडक होतो, म्हणजे ती नक्षी शोभेसाठी नाही, भांड्याला जोर यावा म्हणून आहे. प्रेसमध्ये छापलेली मठार असते तिच्या खळग्या एका मापाच्या, एका ओळीत. हातच्या मठारीत खळग्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. बोट फिरवलं तरी कळतं.

पूर्वी बंब आणि घंगाळी करायचे, ते संपल्यावर आळी बसलीच होती. नवीन घाटाचे दिवे, वाडगे, ट्रे करायला लागल्यावर काहींना काम मिळालं. मी पाण्याचा तांब्या घेतला, रोज रात्री भरून ठेवतो. आतून कल्हई नाही, फक्त पाण्यालाच. ताक, चिंच, लिंबू असलं आंबट काही बिनकल्हईच्या तांब्यापितळेत ठेवायचं नाही हे नव्या पिढीला सांगायला लागतं. परवा एकजण तांब्याच्या मगमध्ये लिंबू पिळून डिटॉक्स घेत होता.

टवाळपंत

त्याचं टॉक्स झालं असेल.

मांडवीतीर

गोव्यातून हजेरी. माझी वस्तू अगदीच स्वस्तातली, डिचोलीच्या कुंभाराकडची मातीची हांडी. माशाचं हुमण त्यातच. स्टीलच्या टोपात तेच वाटण घालून बघा, चव लागत नाही. निवडताना बोटाच्या पेराने टिचकी मारायची, खणखणीत वाजली पाहिजे, भद्द आवाज आला तर चीर गेलेली असते. आतून चकाकी दिली असेल तर मी घेत नाही, कसलं रोगण आहे कोण जाणे. घरी आणली की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी भाताची पेज भरून मंद आचेवर उकळायची, मग वापरायची. साबण लावायचा नाही, राख नाहीतर नारळाची शेंडी. आमच्याकडे माशाची वेगळी आणि सोलकढीची वेगळी, दोन्हींची अदलाबदल केली तर सासूबाईंना वासावरून कळतं.

वैनगंगा

पुणे कोल्हापूर येवला झालं असंल तर जरा इकडं पण बघा म्हटलं! नेहमीचंच आहे तुमचं, महाराष्ट्र नाशकापाशीच संपते. आमच्या भंडाऱ्याकडं, मोहाडी, आंधळगाव भागात कोशाचं टसर रेशीम आहे, त्याची करवतकाठी साडी. काठ करवतीच्या दातासारखा, तो तीन धोटे (आडवा धागा नेणारे) वापरून विणतात, काठाचा रंग अंगात मिसळत नाही की अंगाचा काठात. टसरचा मूळ रंग मधाळ असते, रंगवायची गरजच नाही. पैठणीसारखी मिरवत नाही, पण ऑफिसला नेसून जाता येते, आणि रानजाईताईची अट तीच ना, वापरातली पाहिजे म्हणून? माझ्या आईची करवतकाठी मी नेसतो म्हटलं तर खोटं होईल, पण बायको नेसते आणि तिला दर वेळी कोणीतरी विचारते की कुठून घेतली.

धोटा

वैनगंगाभाऊ, तीन धोट्यांनी काठ विणताना दोन माणसं लागतात की एकटा बसतो? खरंच विचारतेय.

वैनगंगा

आमच्या इथं पाहिलं ते एकटाच होता, पण सावकाश. पुढच्या खेपेला विचारून सांगतो.

पारावरचा

मूळ मताला विरोध नोंदवतो. "वापरायचीच घ्यावी" म्हणजे काय? मी सावंतवाडीचा. राजवाड्यात गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, दशावताराचा संच १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. ही कला मरायला टेकली होती, राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवींनी, ती परत उभी केली. आता हे पत्ते किती घरांत खेळले जातात? अगदी थोड्या. मग घेऊच नये का? पिंगुळीची चित्रकथी घ्या, ठाकर समाजाची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ते चित्र घेऊन कोणी घरी कथा सांगत बसणार नाही, ते भिंतीवरच लागणार. माझ्या भिंतीवर आहे आणि मी ते रोज बघतो. बघणं हा वापरच आहे.

शेवंती

+१. माझ्या घरी वारली चित्र आहे, तलासरीकडच्या एका बाईंकडून घेतलेलं. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाची रेघ. त्या बाई म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या काळात लग्नाचा चौक फक्त सवाष्णीच लिहायच्या. कागदावर, कापडावर मोठ्या प्रमाणात आलं ते जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून. प्रिंट आणि हातचं ओळखायला भिंग लागत नाही, हातच्या रेघेत काडीचा दाब कमीजास्त होतो, प्रिंटमध्ये तारपा वाजवणारे सगळे एकसारखे नाचतात.

रानजाई

पारावरचा, अर्धं पटलं. बघणं हा वापर, मान्य. पण मग कपाटातल्या शोपीसचं काय, तेही बघतोच की. मला वाटतं प्रश्न हा आहे की ती वस्तू घेताना तुम्हाला तिच्यामागचं काही कळलं होतं का. तुम्हाला पत्ते माहीत आहेत म्हणून ते तुमच्या घरी शोभतात. माझ्या घरी आले तर पाहुणे कोस्टर म्हणून चहाचा कप ठेवतील.

पारावरचा

कोस्टर!!! देवा नारायणा. बाकी सावंतवाडीला याल तर चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, पाट बघा. तेही दुकानदाराला सरळ विचारा की यातलं इथलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं. मला एकाने प्रामाणिकपणे कपाटाचे दोन खण वेगळे करून दाखवले, चकचकीत लाखेचे रंग ते चन्नपट्टणचे, आणि हाताने रंगवलेलं वांगं, कारलं, सीताफळ ते इथलं. सीताफळाचे डोळे एकेक करून रंगवलेले असतात. पोरं चावतात म्हणून मी रंग कसला आहे ते पण विचारलं होतं.

खर्ज

धागा भरकटलाच आहे तर थोडं आणखी. माझी आवडती हातची वस्तू मिरजेचा तानपुरा. हत्यारं घडवणारे शिकलगार तिथे सतारमेकर झाले ही गोष्ट मला फार आवडते. भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात, कडू भोपळा, मोठा होऊ देऊन वाळवलेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मिळालं. मी घ्यायला गेलो तेव्हा गुरुजी बरोबर होते, त्यांनी नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. प्रत्येक तार छेडून डोळे मिटून बसले, मग कारागिराने घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढली. म्हणजे काय, तर कानसने घोडीचा माथा किंचित घासायचा, तार लावायची, ऐकायचं, परत काढायची, परत घासायची. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला आणि अख्खी खोली भरली. तेवढा एक केसभर दोरा! मोबाईलमधला तानपुरा मी प्रवासात वापरतो, पण घरी नाही.

कोणाकडून घेता याला इथे फार महत्त्व आहे, कारण जवारी बसते, दर काही वर्षांनी परत काढायला त्याच माणसाकडे जावं लागतं. जो दुरुस्त करून देतो त्याच्याचकडून घ्यावं.

पंचगंगाकाठ

एक नंबर बोललात. चपलेचं पण तेच. माझ्याकडचा गडी वेणी तुटली, अंगठा सुटला की बसल्याजागी शिवून देतो. ऑनलाईन घेतलेली कुठं नेणार?

हायडेलबर्गकर

उशिरा आलो. रानजाई, मूळ प्रश्नाचं उत्तर जर्मनीतून देतो. आधी भाचीला विचारा तिच्या भाड्याच्या घरात शेगडी कुठली आहे. इंडक्शन असेल तर तांबं, माती दोन्ही बाद, तापणारच नाहीत. काचेची इलेक्ट्रिक शेगडी असेल तर तळ एकदम सपाट लागतो, मठारकामाची डुगडुगणारी पातेली चालत नाहीत, आणि मातीची हांडी तडकायचीच भीती. म्हणजे पाण्याचा तांब्या द्या, स्वयंपाकाचं काही देऊ नका. कोल्हापुरी इथे फार तर चार महिने घालता येते, बाकी पाऊस आणि बर्फ, घरात घालायला मात्र मस्त. घोंगडीला माझ्याकडून एक मत, पण विमानात २३ किलोत ती बसवायची म्हणजे बाकी लोणची मसाले सोडावे लागतील आणि ते कुठलीच आई सोडू देत नाही.

माझ्याकडे जे रोज वापरात आहे ते म्हणजे गोधडी. आईच्या जुन्या साड्यांची, आमच्या गावातल्या दोन काकू शिवतात त्यांच्याकडून करून घेतलेली. हिटर चालू असताना रजई फार होते, गोधडी बरोबर पुरते. वजनाला हलकी, मशीनमध्ये टाकली तरी टाके टिकलेत. रूममेट जर्मन आहे, त्याने दोनदा किंमत विचारली, मी सांगितली नाही.

मुंबईचीमी

गोधडी!! एवढे प्रतिसाद झाले आणि कोणालाच सुचलं नाही. फक्त रेडीमेड घेऊ नका, प्रदर्शनातल्या बऱ्याच गोधड्या मशीनच्या टाक्यांच्या असतात आणि आत जुन्या साडीऐवजी सिंथेटिक भरलेलं असतं. हातच्या टाक्याची रांग कधी नाकासमोर सरळ जात नाही आणि उलटीकडे टाके लहानमोठे दिसतात. साड्या आपण द्यायच्या, सुती, नरम झालेल्या. काठ काढून टाकू नका म्हणावं, काठ कडेने लावले की छान दिसतात.

रानजाई

नणंदेशी आत्ताच बोलले. ती म्हणाली माझ्या कपाटात सुती साड्या पडून आहेत, दोन आजीच्या पण आहेत, पण त्या द्यायच्या की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींची बहीण गोधड्या शिवते, महिना लागेल म्हणाली. निम्मे पैसे आगाऊ दिले, काका, तुमचं ऐकलं. भाव केला नाही, धोटा, तुझं ऐकलं. सोबत कसब्यातून पाण्याचा तांब्या. चपला तिने येऊन पायात घालून घ्यायच्या, माप दुसऱ्याने घेण्याची ती वस्तू नाही असं पंचगंगा व्यनित (खाजगी निरोपात) म्हणाले.

निवांत_काका

उत्तम. टाके किती दाट हवेत ते आधी दाखवून घ्या, एखादी जुनी गोधडी नमुन्याला द्या म्हणजे नंतर कुरबूर नाही.

टवाळपंत

आजीच्या साड्यांवरून वाद असेल तर माझ्या चार लुंग्या घ्या. सुती, नरम, काठासकट.

शेवंती

संपादक, हा पण उडवा.

कसबेकर

जरा अवांतर, नाशिकमध्ये कल्हईवाला कोणाला माहीत आहे का? बहिणीकडे पितळेची चार पातेली पडून आहेत, पुण्याला आणायची म्हणजे वजन होतं. तिच्या घराजवळचा एकजण कथलाऐवजी दुसरंच काहीतरी लावतो असं शेजारी म्हणतात, पहिल्या घासणीतच काळं पडतं.

धोटा

भांडी बाजारात सकाळी चौकशी करा, भांडीवाल्यांना माहीत असतात. आणि समोर उभं राहून करून घ्या. भांडं तापवून नवसागर टाकला की पांढरा धूर येतो, मग कथील लावून कापसाने फिरवतात. धूर आला नाही तर तिथूनच परत आणा.